उजवी बाजू

तिसऱ्यांदा खरारा खांद्यावरून खाली आला, आणि तिसऱ्यांदा घोडीने खालचा ओठ आवळला.

ओदिलियाचा हात थांबला. एरवी खरारा करताना हा ओठ डुलकी लागलेल्या म्हातारीसारखा सैल लोंबायचा. आज घट्ट. डोळ्यावर एक बारीक सुरकुती. डावा कान मागे, तोही अर्धाच. बाकी काही नाही. पाय उचलला नाही, शेपूट झटकलं नाही. रेसकोर्सच्या मोतद्दारांनी तिचं नाव मुदा ठेवलं होतं. स्पॅनिशमध्ये मुदा म्हणजे मुकी.

खरारा काखेत धरून ओदिलियाने नुसता तळवा डाव्या पुढच्या पायावरून खाली नेला. खुराच्या वरच्या सांध्याशी हात पोचला आणि मुदाच्या बरगड्या हलायच्या थांबल्या. श्वास धरला होता तिने. सांधा किंचित गरम लागला. ताप चढायच्या आधी बाळाचा तळपाय लागतो तेवढाच.

"कुठल्या संताला नवस बोलतेयस गं, पाय धरून?" शेजारच्या ठाणातून चेमाने विचारलं. तीस वर्षं घोडे चोळून त्याचेच गुडघे गेले होते.

"चेमाकाका, हिला दुखतंय."

"केंटकीत न दुखणारा घोडा दाखव मला. माझंही दुखतंय. माझा पाय कोण चोळतंय?"

तेवढ्यात वेंडेल आला. या पागेतले सगळे घोडे तोच तयार करायचा. हातातली कॉफी न सांडता तो वाकला, सांधा दाबला, उठला.

"काही नाहीये. दहाला रेसकोर्सची डॉक्टर तपासायला येईल, तोवर पाय बर्फात घाल. मालक शिकागोहून आलेत. दुपारी शर्यतीत ही पळणार."

बर्फाची बादली समोरच होती, गुडघ्याएवढी. ओदिलियाला ठाऊक होतं, अर्धा तास बर्फात ठेवला की पाय गार पडतो, दुखणं बधिर होतं. डॉक्टर वीस पावलं पळवून बघते आणि पळायला हरकत नाही म्हणून सही करते. मग दुपारी, पाठीवर माणूस आणि सगळा जोर त्या सांध्यावर. गेल्या वर्षी अशाच एका दुपारी ती मैदानातून घोड्याशिवाय, तोंडाची रिकामी मोरकी तेवढी हातात घेऊन परतली होती.

"नाही घालणार," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"बर्फात नाही घालणार. डॉक्टरांना गरम पायालाच हात लावू दे."

वेंडेल हसला. "ओदिलिया, तुझा व्हिसा माझ्या सहीवर आहे. ग्वाटेमालात पोर आहे ना तुझी? सोमवारी स्वतःच जाऊन भेट तिला."

"माझी पोर रडायची नाही, बॉस. कान दुखायचा तर एका बाजूला डोकं टेकून गप्प बसायची. मी दोन दिवस उशिरा ओळखलं. त्या कानाने तिला आता ऐकू येत नाही."

तिने पायाने बादली कलंडवली. बर्फ खडखडत फरशीभर गेला. चेमा बाहेर डोकावला.

दहा वाजता डॉक्टर आली. उंच बाई, काखेत कागद लावलेली फळी. बर्फ ओलांडताना थबकली. "हा कशाला इथे?"

"सांडला चुकून," वेंडेल म्हणाला.

"चुकून नाही," ओदिलिया म्हणाली. "या पायासाठी आणला होता. डावा पुढचा, खुरावरचा सांधा. मी मुद्दाम सांडलाय."

डॉक्टरने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ओल्या फरशीवर गुडघे टेकले. डाव्या पायावर हात बराच वेळ राहिला. मग उजव्या पायावर. पुन्हा डाव्यावर. उठून तिने कागदावर एक आडवी रेघ मारली.

"आज नाही पळायची. आधी एक्स-रे काढा."

डॉक्टरची पावलं वाजायची थांबताच वेंडेल म्हणाला, "बाराच्या आत सामानासकट फाटकाबाहेर."

"बरं." ओदिलियाने काखेतला खरारा हातात घेतला आणि घोडीला वळसा घालून पलीकडे गेली.

"कळलं नाही का? सोड ते!"

"उजवी बाजू राहिलीय. अर्धी घोडी टाकून मी जात नसते."

वेंडेल कॉफीचा पेला तिथेच ठेवून निघून गेला. चेमाने फावडं आणलं आणि तो बर्फ ओढायला लागला. अर्धाअधिक ओढून झाल्यावर म्हणाला, "सावकाश कर. बाराला वेळ आहे."

खरारा मानेवरून निघाला. खांद्यापाशी येईस्तोवर मुदाचा ओठ सैल पडून लोंबायला लागला होता.