दुसरा बार

तोतारामनानांच्या केळीच्या मळ्यात शिरणारी रानडुकरं भारी हुशार होती. त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, की नानांच्या बंदुकीतून एकच बार निघतो. दिवस मावळायला आला की कळप नदीच्या बाजूनं आत यायचा, ठिबकच्या नळ्या तुडवायचा आणि केळीचे कंद उकरायला लागायचा. नाना हवेत बार काढायचे. डुकरं बांधापर्यंत पळायची आणि तिथं थांबायची. मग बंदुकीची खटखट ऐकू यायची, मग नानांच्या शिव्या. शिव्या सुरू झाल्या म्हणजे आता दुसरा बार येत नाही, हे त्यांना ठाऊक. परत येऊन ती निवांत कामाला लागायची.

आणि बंदूक काही साधीसुधी नव्हती बरं का. सेमी-ऑटोमॅटिक होती. चाप दाबला की बार, रिकामी पुंगळी आपली आपण बाहेर, नवं काडतूस आपलं आपण वर, की पुन्हा चाप दाबायला मोकळे. अशी बंदूक सगळ्या शिवारात एकट्या नानांकडे. वडिलांची दोननळी पार खिळखिळी झाली, म्हणून जळगावच्या सुगनशेठच्या दुकानातून त्यांनी ही आणली, तेव्हा गावात पेढे वाटले होते. डुकरांनी आता मध्य प्रदेशात बिऱ्हाड हलवावं, असंही पारावर बसून जाहीर केलं होतं. बिऱ्हाड कुणी हलवलं नाही. पहिला बार व्हायचा, पुंगळी अर्धी बाहेर यायची आणि तिथंच तिरपी होऊन अडकायची. नाना नखानं उकरून ती काढेपर्यंत पाच-सहा झाडं आडवी.

आता यातली खरी गोम सांगून टाकलेली बरी, कारण ती नानांखेरीज कुणाला माहीत नव्हती, निदान नानांना तसं वाटायचं, आणि नानांनाही अर्धीच माहीत होती. नानांना बंदुकीच्या धक्क्याची भीती वाटायची. लग्नाच्या वर्षी वडिलांच्या दोननळीचे दोन्ही चाप त्यांच्या हातून एकदम दाबले गेले होते आणि खांद्याचं हाड मोडलं होतं. घरी सांगितलं, बैलगाडीवरून पडलो. तेव्हापासून दस्ता खांद्याला टेकला की नानांचे डोळे आपोआप मिटायचे. पण बंदूकवाल्याचा मुलगा म्हणून गावभर नाव. त्यांचे वडील तर ऐन वैशाखातसुद्धा खांद्यावर घोंगडीची घडी टाकून बार काढायचे आणि लोक म्हणायचे, काय ऐट आहे म्हाताऱ्याची! अशा माणसाचा मुलगा कुठल्या तोंडानं सांगणार, की मला धक्का सोसत नाही?

नानांनी आधी टॉवेल घालून पाहिला. तो सदऱ्यातून दिसायचा. मग त्यांची नजर गेली नातवाच्या पाळण्यात. बाळाचं डोकं छान गोल व्हावं म्हणून बेबाबाईंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, जुन्या मऊ लुगड्याची राई भरलेली उशी शिवली होती. तळहातापेक्षा थोडी मोठी, दाबाल तिकडे सरकणारी. नानांनी ती उचलली, सदऱ्याच्या आत खांद्यावर धरली, आणि ती अशी बसली, जणू त्यांचंच माप घेऊन शिवली होती. त्या संध्याकाळी गमछ्यानं आतून बांधून त्यांनी बार काढला. कुणीतरी प्रेमानं थोपटावं तेवढाच धक्का लागला. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. नेमकी त्याच दिवशी पहिली पुंगळी अडकली, पण त्या आनंदात त्यांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

घरात इकडे उशीचा शोध चालू झाला. सून भूमिका पाळण्याखाली, गोधड्यांत, धुण्याच्या बादलीत सगळीकडे पाहून आली. मांजरानं नेली असेल, असं बेबाबाईंचं म्हणणं. मांजर राईचं काय करणार, हे भूमिकाला काही पटेना. नाना पेपर वाचत होते. तेही म्हणाले, मांजरानंच नेली असेल. बेबाबाईंनी दुसरी उशी शिवली आणि तो विषय मिटला.

बंदुकीचा विषय मात्र मिटेना. नानांचा मुलगा कुंदन यानं आयुष्यात कधी बार काढला नव्हता, पण मोबाईलवर बघून बघून तो या विषयात भलताच तयार झाला होता. आत घाण साचली असणार, असं त्यानं निदान केलं. बंदूक जळगावला गेली. सुगनशेठनं पांढऱ्या कापडावर ती उकलली, तर आतून खोबरेल तेलात माखलेलं हळदकुंकू निघालं आणि अक्षतांचे दोन दाणे. दसऱ्याला बेबाबाईंनी शस्त्रपूजा केली होती, आणि ती जरा मनापासून केली होती. शेठ हसून म्हणाले, की पूजा बाहेरून केली तरी देवाला पोचते. नानांनी मात्र घरी येऊन बेबाबाईंना सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. त्या माउलीनं एवढंच विचारलं, की देवाच्या तांदळानं बंदूक अडते होय? आणि पुढे बरेच दिवस नानांच्या ताटात भाकरी यायची, पण तिच्यासोबत शब्द यायचा नाही.

धुतलेली बंदूकही अडकली. मग कुंदन म्हणाला, काडतुसं हलकी आहेत. नानांनी उलट त्यालाच धरलं, की पंपाच्या खोलीत ओलीत ठेवल्यानं ती सर्द झाली. जड काडतुसं आणली. त्यांचा धक्का मोठा, म्हणून नानांनी उशी आणखी करकचून बांधली. पुंगळी आता पूर्वीपेक्षाही तिरपी अडकली. पुन्हा जळगाव. शेठनं स्प्रिंग बदलली आणि दुकानामागच्या खड्ड्यात स्वतः बार काढून दाखवले. शेठ म्हणजे उपासतापासानं वाळलेला माणूस, खांदा पाहावा तर खुंटीसारखा. पण त्या खुंटीवर बंदूक सुतासारखी सरळ चालली. पुंगळ्या एकामागून एक बाहेर पडल्या. नानांनी ती मळ्यात आणली की झालं, पहिल्याच बाराला अडली.

तेव्हा मात्र नानांचं डोकं फिरलं. भुसावळला चहाच्या टपरीवर चार ओळखीचे भेटले, त्यांच्यासमोर ते बोलून गेले, की सुगनशेठनं मला खराब माल गळ्यात मारला. असली वाक्यं जळगावला पोचायला काय वेळ लागतो? शेठचं दुकान आजोबांपासूनचं, असा बोल कधी लागला नव्हता. त्यांनी फोन करून सांगितलं, की मी स्वतः मळ्यात येतो. खोट निघाली तर बंदूक परत घेईन.

आणि तोच मोका साधून कुंदननं मनातलं काढलं. परवान्यावर त्याचंही नाव होतं. बंदूक चांगली निघाली, तर नानांनी आता घरी बसायचं आणि मळ्यात त्यानं जायचं, असं तो म्हणाला. नाना ताडकन हो म्हणाले. पण रात्रभर त्यांना झोप नाही. संध्याकाळी खांद्याला बंदूक लावून गावातून मळ्याकडे जायचं, पारावरच्या माणसांनी 'निघाले का नाना' म्हणायचं, यातच त्यांचा सगळा दिवस होता. ते गेलं तर मागं उरलं काय? बाजेवर बसून खोकायचं.

शेठ आले ते सकाळी, गाडीतून, घरच्या खाखऱ्यांचा डबा घेऊन. बांधावर सगळी आळी जमली होती. बेबाबाई होत्या, कडेवर बाळ घेऊन भूमिका होती. शेठनं नदीकडे, मोकळ्या आभाळात तोंड करून बार काढले. एक, दोन, तीन. पुंगळ्या टपाटप बाहेर. कुंदननं नानांकडे पाहिलं आणि नानांनी झाडांकडे.

मग शेठनं बंदूक उघडून सगळ्यांना समजावलं.

"हिला दुसरं इंजिन नाही. धक्का हेच हिचं इंजिन. धक्का खांद्यावर ठाम बसला, की त्याच जोरावर हा आतला बोल्ट मागं येतो, पुंगळी फेकतो आणि नवं काडतूस वर घेतो. मध्ये काही मऊ आलं, तर धक्का तिथंच जिरतो आणि पुंगळी अर्ध्यात राहते. खांदा भक्कम पाहिजे, तोतारामभाऊ, बाकी काही नाही."

नानांचा हात नकळत खांद्याकडे गेला. कारण ते मऊ काहीतरी या घडीला त्यांच्या सदऱ्याच्या आत, गमछ्यानं बांधलेलं होतं. म्हणजे अक्षतांचा दोष नव्हता. कुंदनच्या पंपाच्या खोलीचा नव्हता. टपरीवर ज्याचं नाव घेतलं, त्या भल्या माणसाचा तर नव्हताच नव्हता. सगळा प्रताप नातवाच्या उशीचा, आणि ती चोरणाऱ्याचा. नानांना मनापासून लाज वाटली. जरा आडोशाला जाऊन उशी काढून यावी, म्हणून ते 'आलोच' म्हणाले, तोवर कुंदननं बंदूक त्यांच्या हातात दिलीसुद्धा.

आता मागं फिरायला जागा नव्हती. नानांनी दस्ता खांद्याला लावला, डोळे मिटले आणि चाप दाबला.

उशीनं एवढे दिवस इमानानं सोसलं होतं, पण जड काडतुसांनी तिची शिवण आधीच उसवत आणली होती. ती फाटली. राई सदऱ्यातून सळसळत खाली आली, बाहीतून आली, धोतराच्या निऱ्यांतून आली आणि नानांच्या पायाशी तिचा ढीग झाला. पहिला धक्का त्या राईतच जिरला होता. पुंगळी अर्धी बाहेर येऊन अडकली.

नानांनी पायाशी पाहिलं. मग नखानं पुंगळी काढून टाकली, खांद्यावरचं रिकामं कापड सदऱ्यातून ओढून बाजूला टाकलं आणि दस्ता थेट हाडावर टेकवला. या खेपेला डोळे उघडे ठेवले. बार झाला. कळ पार मानेपर्यंत गेली, पण हाड जागेवर राहिलं. पुंगळी टणकन बाहेर उडाली. नानांनी पुन्हा चाप दाबला. दुसरा बार आला.

बंदुकीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे राईकडे पाहत होते.

"नाना," भूमिका हळूच म्हणाली, "ही तर बाळाची उशी."

मग जी हसाहस झाली, ती शेजारच्या मळ्यातले लोक बघायला आले तरी थांबेना. शेठनं तोंडापुढे खाखऱ्यांचा डबा धरला. नाना सरळ त्यांच्याकडे गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की तुमचा माल चोख आहे, खोट माझ्यात होती, आणि टपरीवर जाऊनही हेच सांगेन. बेबाबाईंपुढे आल्यावर मात्र त्यांनी मान खाली घातली. कसंबसं म्हणाले, तांदळाची काही चूक नव्हती.

बेबाबाई हसल्या नव्हत्या. त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला.

"लगन झालं त्या वरसी ह्याच खांद्याले मी हयद लावली व्हती," त्या म्हणाल्या. "दस्त्याचा वळ मले समजत नव्हता का? तोंडानं सांगतलं असतं, त खांद्याएवढी मोठी शिवून देली असती."

एवढी वर्षं जे लपवलं, ते हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नानांना एकदम हलकं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं. त्यांनी बंदूक रिकामी केली आणि कबूल केल्याप्रमाणे कुंदनच्या हातात दिली. कुंदननं ती ऐटीत घेतली, दस्ता खांद्याला लावून पाहिला आणि खांदा पटकन मागं घेतला. ते नानांनी पाहिलं.

सांडलेली राई ठिबकच्या पाण्यावर चांगली उगवून आली, आणि पारावरची माणसं नानांना विचारू लागली, की यंदा केळी काढून राईच लावता का. नानाही आता हसायचे.

एका संध्याकाळी ते अंगणात बाजेवर बसले होते. खांद्याला हळद लावलेली, आणि दुसऱ्या खांद्यावर नातू झोपलेला. कुंदन बंदूक घेऊन मळ्यात गेला होता. नदीच्या बाजूनं बार ऐकू आला. नाना दुसऱ्या बाराची वाट पाहू लागले. वाट पाहिली, पाहिली. दुसरा बार काही आला नाही. थोड्या वेळानं वाऱ्यावर कुंदनच्या शिव्या आल्या, अगदी नानांच्याच ठेवणीतल्या.

नानांना वडील आठवले. वैशाखातलं ऊन, घामानं निथळणारा म्हातारा आणि त्याच्या खांद्यावर ती घोंगडीची जाड घडी. इतकी वर्षं ती ऐट वाटली होती. नाना गालातल्या गालात हसले.

घरातून भूमिकानं विचारलं, की बाळाची नवी उशी कुणी पाहिली का, पाळण्यात तर दिसत नाही.

नानांनी नातवाला जरा वर सरकवून घेतलं.

"मांजरानं नेली असेल," ते म्हणाले.