पंढरीनाथांची रापी

“छोडके जा, भाभीजी. एकदम नवं करून देतो,” बँडच्या सामानाचा दुकानदार म्हणाला आणि आबांचं क्लॅरिनेट त्याने माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं.

नवं करून तर नकोच होतं. त्याच्या गल्ल्याशेजारी पत्र्याच्या डब्यात जुन्या क्लॅरिनेटांच्या चाव्या पडल्या होत्या, कुणाकुणाच्या अंगावरून उतरवलेल्या. विलायती काढायचं आणि देशी चढवायचं, हा तिथला धंदा आबांनीच मला कधीतरी सांगितला होता. वर तो मला काउंटरवरचा प्लास्टिकचा कीबोर्ड दाखवायला लागला. हल्ली लग्नात हेच चालतं म्हणे, फुंकायची झंझट नाही. मी म्हटलं, भिया, आमच्या घरात फुंकणारा माणूस आहे. क्लॅरिनेट पिशवीत घातलं आणि लूनाला टाच मारली.

फुंकणारा माणूस म्हणजे माझे सासरे, प्रतापराव, आमचे आबा. सासरचं घराणं होळकरांच्या फौजेतलं, निदान लग्न ठरवताना तसं सांगितलं होतं. प्रत्यक्षात तलवार एकच, तीही म्यानातून निघत नाही. आबा मात्र खरोखर दरबाराच्या चाकरीत होते, पण बँडमध्ये. संस्थान विलीन झालं, बँड मोडला, तेव्हा हे काळ्या लाकडाचं विलायती क्लॅरिनेट त्यांना बक्षीस मिळालं. पुढे जन्मभर त्यांनी नगरपालिकेत कारकुनी केली आणि संध्याकाळी छत्रीबागेतल्या आमच्या ओसरीवर बसून ते वाजवलं. गल्लीतल्या बायका त्यावरून वेळ ओळखून कुकर लावायच्या.

मग खालचे सूर फसफसायला लागले. आबांनी थोडे दिवस जोर लावून पाहिला आणि एक दिवस क्लॅरिनेट देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवून दिलं. “दम संपला आपला,” म्हणाले. एवढंच म्हणून थांबले असते तर ठीक होतं. पण दम संपलेल्या माणसासारखं ते वागायलाच लागले. नदीकाठचं फिरणं बंद झालं, दुकानातून दूध आणणं बंद झालं, जिना चढताना मध्येच थांबून कठडा धरायला लागले. मी तुकोगंजात छातीच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला आहे. त्यांना मुद्दाम तिथे नेलं. डॉक्टर म्हणाले, यांची फुप्फुसं माझ्यापेक्षा बरी आहेत. आबा म्हणाले, डॉक्टर सभ्य माणूस आहे.

तेव्हा माझ्या मनात आलं की खोट छातीत नसून लाकडात असेल. आबांना सांगितलं तर ते हसले असते, म्हणून मी सासूबाईंना विचारून क्लॅरिनेट गुपचूप उचललं. पण द्यायचं कुणाकडे? बँडच्या गल्लीतून तर हात हलवत परतले होते.

पत्ता मिळाला तो दवाखान्यातच. मिलमधल्या कापसाच्या धुळीने खोकणारे म्हातारे आमच्याकडे रोज यायचे. मिल बंद झाली तरी खोकला काही बंद झाला नव्हता. त्यांच्यातल्या एकाने सांगितलं, आमच्या मिलचा पंढरीनाथ आहे, नदीच्या पलीकडे राहतो, बाजाची पेटी, बासरी, क्लॅरिनेट सगळं बघतो, आणि बेईमानी त्याला जमतच नाही.

रविवारी गेले. पंढरीनाथ एका खोलीच्या दारात पाट मांडून बसले होते, बुटके, जाड चष्म्याचे, आणि बोलायला एकदम मोकळे. मी क्लॅरिनेट पुढे केलं आणि उद्या येते म्हटलं.

“ना, ताई. मालक समोर बसेल तरच खोलतो,” ते म्हणाले. “टाइम नसेल तर पुढच्या इतवारी या, हर्ज नाही.”

मी बसले. त्यांनी पाटावर कागद पसरला. जे काही निघेल ते या कागदावर राहील आणि जाताना माझ्याबरोबर जाईल, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. ही मिलची सवय होती. मिलमध्ये ते रूळ मढवायच्या खात्यात होते. सूत ज्या रुळांखालून ओढलं जातं त्यांच्यावर लोकरीचं कापड आणि वर मेंढीचं पातळ चामडं चढवायचं, एकही सुरकुती न पडू देता, नाहीतर सूत तुटतं. आणि जुनं चामडं जमा केल्याशिवाय स्टोअरमधून नवं मिळायचं नाही. क्लॅरिनेटच्या चावीखालची गादी तरी वेगळी काय असते, खाली लोकर आणि वर चामडं. फक्त रुपयाहून लहान. मिलला कुलूप लागलं तेव्हा हातात हे एवढंच होतं, ते इथे कामी आलं, असं त्यांनी हसत सांगितलं.

मग त्यांनी एक बिडी पेटवली, क्लॅरिनेटचं खालचं तोंड बुचाने बंद केलं, सगळ्या चाव्या दाबल्या आणि वरून रबरी नळीने आत धूर सोडला. घरात दसऱ्याला पुजतात त्या वस्तूत बिडीचा धूर पाहून मला कसंसंच झालं. पण धूर चाव्यांच्या कडेकडेने भसाभस बाहेर आला.

“यात तर पैलवानाने फुंकलं तरी वाजणार नाही,” ते म्हणाले. “कोण वाजवतं?”

मी आबांचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते रापीच्या टोकाने एकेक गादी उचलून कागदावर ठेवत होते. रापी म्हणजे चामडं कापायची त्यांची रुंद, बाकदार सुरी, मिलमधली. एका चावीखालून लाल खपली निघाली. दुसऱ्या चावीखालूनही निघाली. पंढरीनाथांनी ती बोटावर घेऊन उजेडात धरली.

“हे कुंकू आहे ना?”

मी हसले, आणि हसता हसताच थांबले. आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजा होते. तलवारीबरोबर क्लॅरिनेटही मांडायचं, कारण आबांचं शस्त्र तेच. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून दर दसऱ्याला त्यावर पाणी शिंपडतात आणि प्रत्येक चावीला मनापासून हळदकुंकू लावतात. पाण्याने गाद्या कुजल्या होत्या, स्प्रिंगा गंजल्या होत्या, आणि कुंकू चाव्यांच्या बुडाशी जाऊन बसलं होतं. आबांचा दम दसऱ्या-दसऱ्याने असा गेला होता.

पंढरीनाथांनी मान खाली घातली आणि कामाला लागले. काम करता करता बोलले. “आमच्याकडेही दसऱ्याला व्हायची पूजा. पहिले बॉयलर, मग विणायचे साचे, मग बाकीची खाती. आमचं खातं एकदम पिछाडीला. तिथपर्यंत येता येता नारळ संपलेला असायचा.” ते हसले. “पण व्हायची. आता तर फाटकालाच ताला.”

संध्याकाळपर्यंत त्यांनी नव्या गाद्या बसवल्या आणि पुन्हा धूर सोडला. तो आतच राहिला. जुन्या गाद्या, गंजक्या स्प्रिंगा यांची त्यांनी एक पुडी बांधली. कुंकवाची खपली वेगळ्या कागदात घातली.

“हे नालीत कसं टाकणार, ताई? कुणीतरी हाताने लावलेलं आहे. घरी घेऊन जा.”

बँडच्या गल्लीत चाव्या जायची धास्ती होती; घरचं कुंकूसुद्धा परत देणारा माणूस मला इथे भेटला.

घरी आल्यावर क्लॅरिनेट आबांच्या हातात दिलं. नको नको म्हणत त्यांनी ते ओठाला लावलं, आणि सगळ्यात खालचा सूर निघाला, गोल, भरलेला, कुठेही न फसफसता. आबा दचकले. त्यांनी तो पुन्हा लावला आणि किती तरी वेळ सोडलाच नाही. मग खुर्चीतून उठून उभे राहिले. बँडमध्ये उभं राहून वाजवायची पद्धत होती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. पिशवीतल्या दोन्ही पुड्या त्यांनी उघडल्या होत्या; कुंकवाची त्यांच्या हातात होती. मी काही सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही पडली नाही.

“मीच बंद पाडलं होतं तुमचं,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं.”

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, पुडीकडे पाहिलं. “म्हणजे दम नव्हता गेला ना माझा?” त्यांनी विचारलं. “बस. मग रडता कशाला? चहा ठेवा.”

दुसऱ्या दिवशी दूध आबाच घेऊन आले.

मिलच्या पूजेतल्या नारळाची गोष्ट मी घरी सांगितली होती. दसरा आला तसा सासूबाईंनी मला पंढरीनाथांकडे धाडलं. जेवायला या, आणि येताना अवजारं घेऊन या, असा निरोप होता. काहीतरी दुरुस्त करायचं असेल असं समजून ते सगळं फडक्यात बांधून आले. ओसरीवर पाटावर तलवार मांडलेली होती. शेजारी क्लॅरिनेट होतं, पण त्याच्यापुढे फक्त एक झेंडूचं फूल, तेही हातभर दूर. तलवारीच्या अलीकडची, पहिलीच जागा रिकामी होती.

“इथे ठेवा,” सासूबाई म्हणाल्या.

पंढरीनाथ उंबऱ्यातच थांबले. “आईसाहेब, रापी आहे ही. चामड्याचं काम. देवाजवळ...”

“त्याच्या पोटात तुमचंच चामडं आहे,” सासूबाईंनी क्लॅरिनेटकडे बोट दाखवलं. “ते बसलंय ना देवाजवळ?”

आबांनी स्वतः पुढे होऊन त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि रापी रिकाम्या जागी ठेवली. सासूबाईंनी जपून ठेवलेली ती कुंकवाची पुडी उघडली. तलवारीच्या आधी, सगळ्यांच्या आधी, त्यांनी रापीच्या मुठीला कुंकू लावलं. मग नारळ फोडला आणि पहिला तुकडा पंढरीनाथांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो लगेच खाल्ला नाही. आबांनी क्लॅरिनेट उचललं, आणि त्यांचं वाजवून होईपर्यंत तो तुकडा तसाच ओंजळीत धरून पंढरीनाथ भिंतीशी उभे राहिले.