डाव्या हातातलं बदक

हिरव्या चादरीखाली नर्सने सरूबाईंच्या डाव्या हातात रबराचं पिवळं बदक ठेवलं आणि बोटं मिटवली.

"डॉक्टर म्हणतील तेव्हा दाबायचं, मावशी. वाजलं पाहिजे."

"नातीला घरी ठिवून आले, आन् खेळणं माझ्या हातात व्हय?"

डॉक्टर हसले. सरूबाईंच्या मानेतल्या उजव्या शिरेत दोन वर्षांपूर्वी बसवलेली जाळी आतून पुन्हा अरुंद झाली होती. आता मांडीतून नळी घालून तिथं फुगा फुगवायचा, वाट मोकळी करायची. तेवढा वेळ त्या बाजूचं रक्त अडणार. डावा हात चालवणाऱ्या उजव्या मेंदूला ते सोसतंय का, हे डाव्या हाताने वाजवून सांगायचं.

सरूबाईंना सगळं समजलं होतं. पण डावा हात संक्रांतीपासूनच मधूनमधून दगा देत होता, आणि गावी, मढला, घरात ते कुणाला ठाऊक नव्हतं. अर्धांगाच्या पहिल्या झटक्यानंतर सुनेनं, हर्षालीनं, त्यांना चुलीपुढून उठवून ओसरीवर बसवलं होतं. मायेनंच, पण भाकरी थापायला परत बसेपर्यंत वर्ष गेलं.

त्यांनी चादरीखालीच बदक हळूच उजव्या हातात घेतलं.

फुगा फुगला. मानेत ताण आला.

"दाबा."

बदक वाजलं. पुन्हा वाजलं. उजवा हात इमानाने दाबत होता. सहज म्हणून सरूबाईंनी डावी मूठ वळून पाहिली. वळेना. तिथं हात आहे की चादरीची घडी, तेही कळेना.

"छान," डॉक्टर म्हणाले. फुगा उतरला. डाव्या हाताला मुंग्या आल्या, मग बोटं हलली. "थोडं राहिलंय, मावशी. आता जरा जास्त वेळ फुगवतो."

सरूबाई छताकडे बघत राहिल्या. ही अख्खी बाजूच कायमची गेली, तर ओसरीवर बसायलाही कुणाचा तरी खांदा लागेल. त्यांनी बदक परत डाव्या हातात दिलं.

फुगा फुगला.

"दाबा."

बदक एकदा कण्हल्यासारखं वाजलं आणि गप्प झालं.

"दाबा, मावशी."

काही नाही.

"सोडा फुगा," डॉक्टर नर्सला म्हणाले. बऱ्याच वेळानं चादरीखालून बारीक आवाज आला, तेव्हा डॉक्टरांनी श्वास सोडला. "आता थोडा थोडाच फुगवू. पण मघाशी तर छान वाजवत होतात?"

"मघाशी ह्यो हात न्हवता, डाक्टर," सरूबाई म्हणाल्या. "तेवढं भायेर सुनंला सांगू नका."