हिरडीच्या रंगाचं नळकांडं

९९

चौदाव्या मिनिटाला पडदा काळा होतो. मी घड्याळ लावून पाहिलं. तापमानाचा आकडा चढत जातो, एक्क्याऐंशी, नव्वद, शहाण्णव, नव्याण्णव, आणि फट्. सगळं बंद. गणित बावीस मिनिटांचं आहे. आठ मिनिटं कमी पडतात. त्या आठ मिनिटांपायी माझी आई अकरा दिवस बोललेली नाही.

फोन केला की बाबा सांगायचे, "झोपलीय." सकाळी दहाला झोपलीय. संध्याकाळी सहाला झोपलीय. अकराव्या दिवशी रजा टाकून मी घर गाठलं. दार आईनेच उघडलं. तोंडावर रुमाल. काय गं, काय झालं, म्हटलं, तर तिने रुमाल न हलवता दुसऱ्या हाताने कारखान्याकडे बोट केलं.

कारखाना म्हणजे घराची मागची खोली. बाबा कवळ्या करतात. पस्तीस वर्षं. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्यांचे साचे पाठवतात, बाबा त्यावर दात बसवतात. माझं सगळं बालपण दुसऱ्यांच्या दातांत गेलं. डब्यात दात, कपात दात, गृहपाठाच्या वहीवर वाळत घातलेले जबडे. मी "ई" म्हणायचे, म्हणून माझं नाव ईबाई पडलं. चाळिशी आली तरी तेच आहे.

"ये, ईबाई," बाबा म्हणाले. "बरं झालं आलीस. डबा गरम होतोय."

"आईला काय झालंय?"

"तेच सांगतोय. डबा गरम होतोय."

*

झालं होतं ते असं.

आईची वरची कवळी बेसिनमध्ये पडली. दोन तुकडे. धुताना, बाबांच्या हातून. बाबांचे हात वर्षभर थरथरतायत, हे मला कोणी कळवलं नव्हतं.

नवी करायची तर तोंडाचं माप हवं. मापासाठी तोंडात लगदा भरून चार मिनिटं बसावं लागतं. आईला दुसऱ्या मिनिटाला उलटी होते. दोनदा झाली. दोन्ही वेळा बाबांच्या बाहीवर.

पण मोडलेल्या कवळीची मापं बाबांनी सहा वर्षांपूर्वी डब्यात घालून ठेवली होती. डबा म्हणजे कॉम्प्युटर. जाड पुस्तकाएवढा. त्याने बावीस मिनिटं गणित केलं, की शेजारचं यंत्र ठोकळ्यातून नवी कवळी कोरतं. मापं दुसरीकडे नेता येत नाहीत. तो प्रोग्रॅम याच डब्यात उघडतो, आणि तो विकणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली.

आणि आई का बोलत नाही, तर तिने वहीत लिहून दाखवलं: *कवळीवाल्याची बायको बोळकं घेऊन बोलणार नाही.*

खाली, जरा वेळाने: *अकरा दिवस पेज. मला पेजेची किळस आलीय.*

मला तुमची सगळ्यांचीच आलीय, असं मी म्हणाले नाही.

३१

हा खोलीचा आकडा. डबा बंद होता.

तो होता कुठे, तर प्लास्टर कालवायच्या टेबलाच्या खालच्या खणात. पालथा. हवा आत घ्यायची जाळी खाली, लाकडाला टेकलेली. तिथे जागा होती म्हणून तिथे. नाकावर उशी दाबून माणूस निजवावा तसा तो सहा वर्षं निजवला होता.

चार स्क्रू. झाकण उघडलं म्हणता येणार नाही, सोललं. आतला एक थर त्याच्याबरोबर उचलून आला, दुधावरची साय यावी तसा.

ई.

आत:

प्लास्टरची भुकटी, पिवळी पडलेली

मेण, उडून चिकटलेलं, त्यावर भुकटी, त्यावर मेण

केस. आईचे पांढरे, बाबांचे पांढरे, एक लांब काळा. तो माझा. म्हणजे पाच वर्षांपूर्वीचा

पंख्याच्या पात्यांत झुरळ. अर्धं

(दुसरं अर्धं सापडलं नाही)

दात

"सुळा!" बाबा हरखले. "याला किती शोधलं होतं मी." शर्टाला पुसून त्यांनी तो खिशात टाकला.

पंख्यामागे धातूची बारीक उभी पाती असतात. गरम हवा त्यांच्या फटींतून बाहेर पडते. इथे फटी नव्हत्या. एक पांढरा ठोकळा होता. नख मारलं. नख वाकलं.

"ही भुकटी दगड कशी झाली?"

"बर्फ ठेवत होतो ना वरून. पिशवीत घालून. दोन मिनिटं जास्त चालायचा."

"पिशवी गळत होती?"

"थोडीशी."

"बाबा. प्लास्टरमध्ये पाणी घातलं की काय होतं?"

"घट्ट होतं."

"किती वर्षं झाली धंद्याला?"

आईचे खांदे हलायला लागले. रुमालामागे हसत होती.

मी ठोकळा फोडायला घेतला. बाबांचीच मेण कोरायची सुरी, बाबांचाच ब्रश. पांढरे खडे पडत होते, प्रत्येक खड्यात काहीतरी रुतलेलं. पाय. केस. नखाचा तुकडा, कोणाचा ते मी विचारलं नाही. ब्रश कशासाठी वापरता, हे मात्र चुकून विचारलं.

"तोंडातून काढलेल्या कवळ्या घासायला," बाबा म्हणाले. "धुतलेला आहे गं."

८८

फटी मोकळ्या झाल्या. आता खालची पेस्ट बदलायची. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा धातू यांच्यामध्ये पातळ पांढरी पेस्ट असते. प्रोसेसर तापतो, पेस्ट ती उष्णता वरच्या धातूत सोडते, पंखा ती बाहेर फेकतो. पेस्ट वाळली की खालचा जीव खालीच शिजतो. माझ्या बॅगेत तिची नळी कायम असते. मी ऑफिसांतले कॉम्प्युटर दुरुस्त करते, दिवसाला दोनदा तरी लागते.

जुनी पेस्ट गरम असताना सुटते. म्हणून डबा उघडाच ठेवून चार मिनिटं चालवला. अठ्ठ्याऐंशीला बंद केला.

वास आला.

आधी वाटलं, भास. मग ओळखला. लवंग. गरम लवंग, आणि तिच्याखाली उलटी, जुनं तोंड, लहानपणीची अख्खी खोली.

"बाबा, ही पेस्ट याआधी कोणी बदललीय?"

"गेल्या महिन्यात. गरम व्हायला लागला तेव्हा."

"कुठली लावली?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने पेन्सिल उचलली, वहीवर टेकवली, आणि काही न लिहिता खाली ठेवली.

"आपलीच," बाबा म्हणाले.

फळीवर खोका होता. दोन नळ्या. एकीत झिंक ऑक्साइड, एकीत लवंगेचं तेल. दोन्ही कालवायच्या, तोंडात भरायच्या, माप घ्यायचं. हाच तो लगदा. आईला उलटी होते तो.

"कॉम्प्युटरच्या पेस्टवर लिहिलेलं असतं, झिंक ऑक्साइड. हिच्यावरही तेच," बाबा म्हणाले. "तीही पांढरी, हीही पांढरी."

"ही सिमेंट होते, बाबा!"

"ते नंतर कळलं."

मग मी सुटले. अकरा दिवस ती बाई पेज गिळतेय, म्हटलं. हात थरथरतात ते लपवता, फोनवर खोटं बोलता, बर्फ काय ठेवता, तोंडातलं कॉम्प्युटरला काय फासता. घाणीत बसून बसून तुम्हाला घाण दिसेनाशी झालीय. लोकांचे जबडे जुळवता जुळवता स्वतःचं डोकं कुठल्या साच्यात विसरलात?

एरवी बाबा एक शब्द खाली पडू देत नाहीत. आज त्यांनी सगळे पडू दिले. आई वहीच्या कोपऱ्यात रेघोट्या मारत होती.

मी धातू धरून पिळला. हलेना. पुन्हा. कटकन सुटला, आणि प्रोसेसर त्याला चिकटून जागेवरून उपटून आला. दात उपटावा तसा. खाली सुईसारख्या बारीक पिना असतात, शेकड्यांनी. तीन वाकल्या होत्या.

बाबांनी डोळ्याला लावायचं भिंग दिलं. दात तपासायची टोकदार सळई दिली. स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभे राहिले. "ओढू नकोस," ते हळूच म्हणाले. "टेकव आणि वाट बघ. ती स्वतः येते."

एक आली. दुसरी आली. तिसरीला मला घाम फुटला. आली.

सिमेंट कशाने निघतं, हेही त्यांनाच ठाऊक होतं. संत्र्याच्या सालीचं तेल. पिवळसर लगदा सुटला, फडक्यावर आला. फडकं मी दोन बोटांनी धरून, हात लांब करून, टाकलं. मग माझी पेस्ट. तांदळाच्या दाण्याएवढी, मधोमध. पुरे.

*

तरी मला खात्री नव्हती. त्या खोलीतली हवा म्हणजे तरंगतं प्लास्टर. डबा खणातून काढून खिडकीजवळच्या फळीवर उभा केला, तरी तो तेच ओढणार.

"बाहेरची हवा थेट पंख्यापर्यंत यायला हवी," मी म्हटलं. "नळकांडं हवं. पुठ्ठ्याचं चालेल."

"पुठ्ठा!" बाबा दुखावले. "कारखान्यात पुठ्ठा?"

त्यांनी पूड आणि द्रव कालवला. डोळ्यांत झोंबणारा वास. कवळीची हिरडी ज्याची करतात तो गुलाबी लगदा. थरथरत्या हातांनी तो बाटलीभोवती लपेटला. लगद्यात थरथर दिसत नाही, तो सगळं माफ करतो. वीस मिनिटांत नळकांडं तयार झालं. सवयीने वरून ओलसर झळाळी दिली होती. सवयीने बारीक लाल शिराही घातल्या होत्या.

"शिरा कशाला?"

"दिसायला बरं."

दात कोरायच्या, विजेवर फिरणाऱ्या सुईने मी झाकणाला भोक पाडलं, नळकांडं बसवलं, दुसरं तोंड खिडकीच्या जाळीला लावलं. फळीवर आता एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्यातून एक हिरडी निघून खिडकी चोखत होती. याहून ओंगळ वस्तू मी पाहिलेली नाही. आयुष्यात इतकं काटेकोर बसलेलं कामही मी क्वचितच केलंय.

६४

पाचव्या मिनिटाला एकोणसाठ.

नवव्याला त्रेसष्ट.

चौदाव्याला आम्ही तिघं फळीसमोर उभे होतो. चौसष्ट. पडदा उजळ.

पंधरा.

सोळा.

बाबा नळकांड्यावरून तळहात फिरवत होते, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "ओढतंय बघ कसं."

बावीस. चौसष्टच. टिंग झालं आणि शेजारचं यंत्र घरघरायला लागलं. ते तीन तास घरघरलं. मी तेवढ्यात दोनदा आंघोळ केली.

३७

हा आईच्या तोंडाचा आकडा. माझ्या बोटांना तो माहीत आहे, कारण बोटं आत होती.

कवळी बसली, पण आईने डावीकडे हात लावून कपाळाला आठी घातली. टोचत होती. बाबांनी सुई हातात घेतली. सुई फिरायला लागली आणि त्यांचा हात तिच्याहून जास्त फिरायला लागला. त्यांनी ती बंद केली. माझ्यापुढे धरली.

"मी नाही," मी म्हटलं.

आईने खुर्ची पुढे ओढून तोंड उघडलं.

तर मी आईच्या तोंडात बोट घातलं. हिरडी मऊ, ऊन, गिळगिळीत, कडेला लाल चट्टा. कवळी काढली. लाळेची तार लांबत आली, माझ्या मनगटावर पडली. कडेला सुई टेकवली. ओढू नकोस. टेकव आणि वाट बघ. ओली गुलाबी भुकटी चष्म्यावर, ओठावर उडाली. ओठावरची थुंकले. घातली. टोचते? मान हलली, हो. काढली. तार. सुई. घातली. टोचते? थोडी. काढली.

चौथ्यांदा आईने मान हलवली नाही. ताटलीतलं गाजर उचललं आणि चावलं.

कडाड्.

चावत राहिली. डोळे मिटून, तोंड उघडं टाकून, गाजराचा चोथा इकडून तिकडे. मी भिंतीकडे पाहिलं. ओठांच्या कडेने केशरी रस ओघळला तो तिने मनगटाने पुसला, आणि अकरा दिवसांनी बोलली.

"पेस्ट मी लावली होती."

मी बाबांकडे वळले. ते सुया पुसत होते.

"मीच म्हटलं यांना, झिंक ऑक्साइड ते झिंक ऑक्साइड. यांचे हात थरथरतात म्हणून लावलीही मीच. आणि तू त्यांना काय काय बोललीस गं? डोकं साच्यात विसरलात?"

"मग वहीत लिहायचं ना!"

"तू रंगात आली होतीस. आणि म्हटलं, हे लिहून नको. तोंडाने सांगू."

"अहो, बाबा, तुम्ही तरी..."

"मी कुठे काय म्हणालो?" बाबा म्हणाले.

आई थांबली नाही. पेजेत मीठ नव्हतं इथपासून ती सुरू झाली. शेजारीण रोज विचारते, बर्फ मीच बंद करायला लावला, बाहीवरचा डाग अजून गेलेला नाही, सुळा कोणाचा होता, तो माणूस किती वाट बघून गेला. मध्येच गाजर. मध्येच गाजरासकट बोलणं. मी बेसिनवर जाऊन हात धुतले. तीनदा. लवंग जाईना.

"ईबाई!" आतून खणखणीत आवाज आला, एकेक अक्षर दातांवर आपटून. "आता तो खण पुसून घे. झुरळाचं ते दुसरं अर्धं तिथेच असेल."

होतं.