बेलंगरीचे पंचेचाळीस टोले

मित्रांनो, मी मनोऱ्यावरचे एक जुने घड्याळ आहे आणि काळ माझ्या तालावर चालतो. म्हणजे बेलंगरी गावापुरता. तिथेही मी वीस वर्षे बंद होते, तेव्हा तो माझ्यावाचून बिनबोभाट चालला, हे मान्य करावे लागेल.

ऑस्ट्रेलियाच्या या भागात सोने सापडले म्हणून गावाने ऐपतीबाहेरचे पोस्ट ऑफिस बांधले आणि मला इंग्लंडहून मागवले. आधी जहाजाने, मग बैलगाडीने मी पोहोचले, तोवर सोने संपले होते. पण मनोरा तयार होता, तेव्हा बसवले मला वर.

माझ्या पोटात दोन जड लोखंडी वजने टांगलेली आहेत. एक काटे फिरवते, दुसरे घंटेवरचा हातोडा उचलते. दोन्ही हळूहळू खाली उतरतात. मग दर आठवड्याला कोणीतरी जिना चढून, दांडा फिरवून ती पुन्हा वर ओढायची. यालाच मला चावी देणे म्हणतात. पोस्टमास्तर हे काम मन लावून करीत. माझ्या टोल्यांवर शाळा भरे आणि खानावळीतल्या मटणाच्या वड्या ताटात पडत. पुढे पोस्ट ऑफिस किराणा दुकानात अंड्यांशेजारच्या खिडकीत गेले आणि मला चावी द्यायचे कोणाला सुचले नाही. काकाकुवांनी खिडक्यांच्या लाकडी पट्ट्या कुरतडून आत संसार थाटले.

मग मर्ल ट्रेविला आली. जुनी घड्याळे जिवंत करणे हा तिचा धंदा. वर्षभर तिने माझे एकेक चाक उतरवून गंज काढला, झिजलेले दाते भरले, काट्यांना सोनेरी वर्ख दिला. नगरपालिकेला मात्र विजेची मोटर बसवायची होती. माझी यंत्रणा संग्रहालयात, भुसा भरलेल्या प्लॅटिपस प्राण्याशेजारी काचेत ठेवायची होती. शेवटी एवढे ठरले की गावातल्या कोणी हिवाळाभर नेमाने चावी दिली आणि मी नीट चालले, वाजले, तर मोटर नको.

चावी द्यायला पुढे आला समोरच्या मोटेलचा मालक डार्बी किनेन. मर्लला भरून आले. मी पहिले टोले दिले तेव्हा तिने तेलाच्या फडक्यालाच नाक पुसले आणि दुसऱ्या गावच्या मनोऱ्याकडे निघून गेली.

डार्बीला माझ्या टोल्यांनी झोप लागत नव्हती. दुसऱ्या आठवड्यापासून त्याने काट्यांच्या वजनाला चावी दिली आणि टोल्यांच्या वजनाला दिली नाही. काटे फिरत राहिले. दुपारचे तीन वाजवून मी मुके झाले. गावाने मान वर करून पाहिले, काटे बरोबर होते, गाव कामाला लागले.

पण डार्बीच्या बायकोने, नोरीनने, पर्यटकांना आवडेल म्हणून प्रत्येक खोलीत पाटी लावली होती : 'ऐतिहासिक घड्याळाचे दहा टोले पडताच खोली सोडावी.' आता पाहुणे दुपारपर्यंत लोळू लागले. दार वाजवले की पाटीकडे बोट दाखवून म्हणत, टोले कुठे पडलेत? नोरीनने नवऱ्याला बजावले, "उद्या टोले पडले नाहीत तर खोल्या तू झाडायच्या."

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत डार्बी धापा टाकत वर आला आणि त्याने टोल्यांची चावी दिली. दहाला मी चार टोले दिले. खालून एक पाहुणा ओरडला, "अजून सहा बाकी आहेत!" आणि पुन्हा पांघरुणात शिरला.

डार्बीने मर्लला फोन लावला आणि स्पीकर चालू करून फोन माझ्या पेटीवर ठेवला, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"मर्ल, तुझं घड्याळ बिघडलंय. दहाला चार वाजवतंय."

"बिघडलं नाही. टोले मोजणारं चाक जिथे थांबतं तिथूनच पुढे मोजतं. तिनावर थांबलं होतं, आता चार. टोल्यांची चावी शेवटची कधी दिलीस?"

डार्बी चावीच्या दांड्याशी चाळा करू लागला.

"डार्बी?"

"तू गेलीस त्या आठवड्यात. झोप लागत नव्हती गं."

"वर्ष घातलंय मी त्याच्यात. नगरपालिकेला कळलं असतं तर ते आज प्लॅटिपसशेजारी असतं. आता डावीकडची तार ओढ. पाच पडतील. थांबले की पुन्हा ओढ. दहा पडेपर्यंत सोडायचं नाही."

"आत्ता? सगळं गाव ऐकेल."

"ऐकू दे."

पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा. एका दमात पंचेचाळीस टोले. आग लागली समजून पाहुणे रात्रीच्या कपड्यांतच अंगणात आले. नोरीन झाडू घेऊन त्यांच्या मागून खोल्यांत शिरली. काकाकुवा उडाले ते संध्याकाळी परतले.

हिवाळा संपला. नगरपालिकेची माणसे आली, त्यांनी दहाला दहा मोजले आणि मोटर रद्द केली. त्या दिवशी मर्लही आली होती. तिने माझ्या पेटीला कान लावला, "बरं चाललंय," म्हणाली आणि डार्बीकडे चहा मागितला. माझ्यासारख्याला आणखी काय हवे?

मित्रांनो, तुमच्या गावी माझे कोणी भाऊबंद असतील तर त्यांनाही जपा. जिना चढा, तेल घाला आणि चावी दोन्ही वजनांना द्या. डार्बी आता देतो. मोटेलच्या प्रत्येक उशीशेजारी कापसाचे दोन बोळे ठेवलेले असतात.