राहतं घर

संघमित्राने मीटरबोर्डाखालची भिंत नखाने खरवडली. काजळीचा पापुद्रा सुटून खाली पडला आणि प्लास्टर जाऊन उघडी पडलेली वीट दिसली. वर वायरींचे वितळलेले गोळे भिंतीला चिकटून बसले होते. आग इथूनच लागली, तीही आपोआप, यात तिला शंका उरली नाही. तिने फोटो काढले, छताला गेलेले तडे टेपने मोजले आणि पुढच्या खोलीत जाऊन कपाटाचा सांगाडा पाहिला. दोन खोल्या पार गेल्या होत्या. मागची पडवी तेवढी बचावली होती.

विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करायची, हे तिचं काम. कामोठ्यात तिचं दीड खोलीचं ऑफिस होतं आणि जासईपासून पनवेलपर्यंतची निम्मी जळकी घरं तिने आतून पाहिली होती. घर जळलेली माणसं दोन तऱ्हेची असतात, असा तिचा अनुभव. काही जण सर्व्हेअरच्या पुढे पुढे करत प्रत्येक वस्तू दाखवतात, काही जण कोपऱ्यात बसून राहतात. इथे मात्र घराचा मालक उंबऱ्याबाहेर उभा होता आणि काही केल्या आत यायला तयार नव्हता.

"तुमी बगा म्याडम," मितेश घरत म्हणाला. "आमी हितंच हाव."

छत कोसळेल म्हणून घाबरत असेल, असं तिला वाटलं. तिने वही काढली आणि दारातूनच नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, आग लागली तेव्हा घरात कोण होतं?

"कोनीच नाय. घर बंद व्हता. बाबा गेले ना, पंचकान गेले."

मग त्याने सगळं सांगितलं. वडील, गोटीराम घरत, गणपतीच्या आधी वारले. भटजींनी पंचांग उघडलं आणि धनिष्ठा नक्षत्र, म्हणजे पंचक निघालं. सहा महिने घर सोडा, दिवा लावू नका, कुणी उंबरा ओलांडू नका, नाहीतर पंचक घरातलं आणखी एक माणूस नेतं, असं सांगितलं. त्याच आठवड्यात दाराला काटेरी फांदी लावून सगळे उलव्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले. आता जेमतेम एक महिना उरला होता, तर ही आग. हे सांगताना त्याची मान ताठ होती. गावात दुसऱ्या कुणी नसतं पाळलं असं त्यांनी पाळलं, एक पाऊल म्हणून आत टाकलं नाही.

संघमित्राचं पेन थांबलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हा माणूस अभिमानाने जे सांगत होता, त्याने त्याचंच घर दुसऱ्यांदा जळत होतं, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

तिच्या घरी पंचांग कधी नव्हतंच. बीडहून पोट भरायला आलेले तिचे वडील, रावसाहेब, म्हणत, नक्षत्रं आकाशात राहतात, त्यांना आपल्या खोलीचं भाडं भरावं लागत नाही. चाळीत कुणी असलं काही पाळलं की ते मोठ्याने हसत. आत्ता संघमित्राला हसू आलं नाही. तिने अंगणात येऊन कंपनीला फोन लावला.

वाशीच्या ऑफिसात कुलदीप होता. कुठल्या घराचा विमा घ्यायचा, कुठला नाही आणि कुठल्या अटींवर, हे ठरवणारा. वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या हातात फक्त कागद यायचे. त्याने फाइल उघडून वाचून दाखवली. दिवाळीत विम्याचं नूतनीकरण झालं, तेव्हा एजंट स्वानंदने फोन करून 'काही बदल?' एवढंच विचारलं होतं, आणि उत्तर होतं, 'काय नाय.' बाप गेला होता, घराला कुलूप लागलं होतं, सगळं बिऱ्हाड दुसरीकडे हललं होतं आणि मितेशने सांगितलं, काय नाय. त्याचंही चुकलं नव्हतं म्हणा. विमेवाल्याने विचारलं तर माणूस गच्ची वाढवली का, दुकान काढलं का, याचा विचार करतो. घरातलं मरण त्याला कोण सांगणार?

"मॅडम, आपण राहत्या घराचा विमा केला होता," कुलदीप म्हणाला. "बंद घर म्हणजे वेगळी जोखीम. महिन्याच्या वर रिकामं आणि आम्हाला न कळवता, तर पॉलिसी तिथेच थांबते. आग कशाने लागली, याला मग काही अर्थ नाही. कोणी येऊन राहत होतं का तिथे? तसं असेल तर लिहा, माझी हरकत नाही. नसेल तर मी काही करू शकत नाही."

तिने मितेशला हे शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं. पाळलं म्हणून पैसे नाहीत? त्याने दोनदा विचारलं. त्याच्या वाट्याची जमीन केव्हाच सरकारी संपादनात गेली होती आणि त्या पैशातून बापाने हे घर उभं केलं होतं. तो कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. पगार उलव्याच्या भाड्यात आणि बाईकच्या हप्त्यात जाई. विमा मिळाला नाही तर हे छत पुन्हा उभं राहणार नव्हतं, हे सांगायला हिशेबाची गरज नव्हती.

तरीही तो खोटं बोलला नाही. बोलला असता तर बरं, असं तिला क्षणभर वाटूनही गेलं.

"कोनी येत नव्हता," तो म्हणाला. "आन आला आसंल ना, तर मना त्याचा नाव पायजे."

कारण त्याने खालच्या आवाजात सांगितलं. कार्तिकात त्याच्या बायकोचं, उन्नतीचं, पोट पडलं. सातवा महिना होता. दुष्काळात तेरावा महिना तसं झालं. गावात बाया बोलायला लागल्या की घरतांच्या घराचा उंबरा कुणीतरी ओलांडला, पंचकाने आपला माणूस नेला. त्या दिवसापासून तो ते नाव शोधत होता. सांगताना त्याची मूठ आवळलेली होती. रस्त्यापलीकडच्या घराच्या ओटीवर उन्नती आणि त्याची आई गोजरा अंतर ठेवून बसल्या होत्या आणि दोघींपैकी कुणीच इकडे पाहत नव्हतं.

पडवीचं मोजमाप राहिलं होतं म्हणून संघमित्रा घराला वळसा घालून मागे गेली. तिथे धूर पोचला होता, आग नाही. एका कडेला गुंडाळलेली चटई उभी होती. माठावर पालथा पेला, माठात अर्धं पाणी. कट्ट्यावर मिसरीची डबी. तिने झाकण उघडलं. मिसरी कोरडी, ताजी होती, वरच्या थरात बोटाचा खड्डा पडलेला. तिची आजी जाईबाई जन्मभर मिसरी लावायची आणि जिथे बूड टेकायची तिथे डबी ठेवायची. रोजच्या बसायच्या जागेशिवाय ही डबी कुठे राहत नाही.

पाठीमागे पाऊल वाजलं. गोजराबाई मागच्या दाराने आत आली होती. उंबऱ्याशी ती अडखळली नाही, पायाला सवय असल्यासारखी आली. तिने संघमित्राच्या हातातून डबी घेतली आणि कमरेला खोचली.

"रोज येता?" संघमित्राने विचारलं.

गोजराबाई चटईशेजारी खाली बसली. मासळी आणायला जाते म्हणून उलव्याहून निघायची, म्हणाली. रिक्षाने गावाच्या वेशीपर्यंत, पुढे चालत. मागचं कुलूप उघडायची. दुपारभर इथे पडायची, चहा करायची, संध्याकाळच्या आत परत जायची. पहिल्या आठवड्यापासून. एक दिवस चुकला नव्हता.

"म्हातारा आत एकलाच आसंल असा वाटायचा," ती म्हणाली. "जलमभर दारू नाय, काय नाय, घर घर करीत मेला. त्याचेच घराला टाला लावून जायचा? मना नाय जमला, बाय."

संघमित्राला आनंद व्हायला हवा होता. तिने समजावलं की हे लिहिलं तर विमा उभा राहतो. घर बंद नव्हतं, घरचं माणूस रोज येत होतं, इथे निजत होतं, खात-पीत होतं. जबाब द्या, सही करा, बाकी मी बघते. कंपनी रिपोर्टची एक प्रत मितेशला पाठवेल, एवढंच.

"मंग नको लिवू."

"मावशी, घर जाईल."

"जावदे. घर ग्येला तं ग्येला. पोरगा ग्येला तं मी कोनाचे तोंडाकं बगू?" पदराने तिने उगाचच कट्टा पुसला. "आन त्याचा तरी चुकला कं? पोटातला लेकरू माझेच पायान नाय ग्येला, ह्या मना कोन सांगल?"

असं काही नसतं, हे वाक्य संघमित्राच्या ओठांवर आलं होतं. वडिलांनी ते शंभरदा म्हटलं होतं, चाळीत, सभेत, भर पंगतीत. तिला ते म्हणता आलं नाही. या बाईला पटवायला ते वाक्य पुरणार नव्हतं, आणि न पटता ऐकवलं तर तो नुसताच आपला शहाणपणा झाला असता. तिला स्वतःचाच राग आला. कामाचाही आला. खरं बोललं तर घर मिळतं आणि मुलगा जातो, खोटं बोललं तर मुलगा राहतो आणि घर जातं, असल्या निवडी लोकांपुढे मांडायला ती शिकली नव्हती.

ती गाडीपाशी आली. वहीत 'घराचा वापर' असं लिहून तिने पुढची जागा कोरी ठेवली होती. रस्त्यावरून ट्रेलर जात होते आणि त्यांच्या धुरळ्यातून पलीकडची ओटी पुसट दिसत होती. तिथून उन्नती उठून आली. पंचविशीची, सडपातळ, ओढणी दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेली. गाडीच्या या बाजूला, मितेशला दिसणार नाही अशी ती उभी राहिली.

"आई बोलल्या ना तुमच्याशी?"

संघमित्राने वही मिटली.

"मला माहीत हाय. पहिल्यापासून. जासईची मासली आनते बोलायच्या, आन पिशवी उलव्याच्या मार्केटची." ती किंचित हसली आणि तिचं हसू लगेच विरलं. "मी काय बोलले नाय. त्या हितून आल्या की दोन घास जेवायच्या."

"आणि नंतर? तुमचं..."

"डॉक्टरांनी मला सगला समजावलाय. नाल गल्याभोवती गुंडालली व्हती. पन गावाला डॉक्टर कोन सांगनार, म्याडम? ह्यांना सांगून पायला. ऐकत नाय." तिने वहीकडे पाहिलं. "कंपनीला आईच पायजेत, का घरचा कोनपन चालंल?"

संघमित्राला प्रश्न कळला आणि कळूनही तिने तो पुन्हा विचारायला लावला. फाइलीला खरोखरच अमुक एकाचंच नाव नको होतं, राहणारं माणूस हवं होतं. घर रिकामं नव्हतं, हे तर खरंच होतं. नऊ वर्षांच्या कामात तिने जबाबात दुसऱ्याचं नाव कधी लिहिलं नव्हतं.

"मग लिवा, मी यायची. उन्नती मितेश घरत. रोज दुपारची."

"ते तुम्हाला काय म्हणतील, कल्पना आहे?"

"माझाच पोर गेलाय," उन्नती म्हणाली. "मला कोन काय बोलनार?"

बोलणार होते. सगळं गाव बोलणार होतं आणि घरात नवरा बोलणार होता, जन्मभर. ते दोघींनाही ठाऊक होतं. संघमित्राने वही बॉनेटवर ठेवली आणि लिहायला लागली. अक्षर तिचं नेहमीसारखं आलं नाही. उन्नतीने वाचून न पाहता खाली सही केली.

तेवढ्यात मितेश आला, मागोमाग गोजराबाई. कसली सही, त्याने विचारलं.

"घर बंद नव्हता," उन्नती म्हणाली. "मी येत व्हती. रोज."

मितेश तिच्याकडे बघत राहिला. आवळलेली मूठ हळूहळू सुटली. मग तो वळला आणि रस्त्याच्या दिशेने चालू लागला.

गोजराबाईने गाडीचा आधार घेतला. तिचं तोंड उघडलं, "अरं मितेश..." एवढंच बाहेर पडलं.

उन्नतीने तिचा दंड धरला. पकड घट्ट होती.

"तुमी गप ऱ्हावा, आई," ती म्हणाली. "तुमाला यातला काय म्हाईत नाय."