दोन्ही हात बटणांवर

कोर्ट आपल्या कारखान्यात येणार हे कळलं आणि वहिनीच्या तोंडचं पाणीच पळालं. माणसं कोर्टात जातात हे तिला ठाऊक होतं. कोर्ट उठून कारखान्यात येतं, हे तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. पण कामगार न्यायालयाच्या न्यायाधीशबाईंनी तसा हुकूमच काढला होता. अपघात झाला ती प्रेस मी स्वतः बघणार, म्हणाल्या, आणि ती चालवणारी बाईसुद्धा बघणार.

चालवून दाखवणारी बाई म्हणजे वहिनी. कंपनीनं मुद्दाम तिलाच पुढं केलं होतं. कारण जिचा हात गेला ती तिची सख्खी नणंद. घरचीच बाई आपल्या बाजूनं उभी राहिली की कोर्ट आणखी काय विचारणार, असा त्यांचा डाव. दोघी शेजारशेजारच्या प्रेसवर होत्या. नणंद दिवसभर 'वहिनी, वहिनी' करायची, म्हणून सगळा कारखानाच तिला वहिनी म्हणायला लागला होता. सुपरवायझरसुद्धा, स्वतः चांगला बापाच्या वयाचा असून! त्या नणंदेच्या डाव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली. अंगठा तेवढा राहिला.

आता प्रेस म्हणजे काय, तर वरून खाली येणारं लोखंडाचं धूड. खालच्या साच्यात पत्र्याचा तुकडा ठेवायचा, धूड आदळलं की बिजागरीचं पातं तयार. ते काढायचं, नवा तुकडा ठेवायचा. हात सापडू नये म्हणून दोन बाजूंना दोन बटणं असतात. दोन्ही तळव्यांनी एकदम दाबल्याशिवाय धूड हलत नाही. सोय झकास आहे हो, पण तिच्यापायी माल कमी निघतो! म्हणून सुपरवायझरनंच शक्कल काढली होती. डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकायची, की ते कायमचं दाबलेलं राहतं. मग उजव्या हातानं नुसतं एक बटण मारायचं आणि डाव्यानं तुकडे घालायचे, काढायचे. सगळ्याजणी तसंच काम करायच्या. मालक कानाडोळा करायचे. अपघात झाला त्या संध्याकाळी मात्र सगळ्या पाचरी गायब झाल्या.

आणि वर कंपनीचं म्हणणं काय, तर आमच्याकडे पाचर कुणी बघितलेलीच नाही. असलीच तर त्या पोरीनं आपल्या अकलेनं बसवली असेल. म्हणजे बोटं तिची गेली आणि चूकही तिचीच. भरपाई नाही, पुन्हा काम नाही. आहे की नाही कमाल? लाज कशी वाटत नाही या लोकांना, कोण जाणे.

मॅनेजरनं वहिनीला आणि तिच्या नवऱ्याला केबिनमध्ये बोलावलं होतं. नवरा कंपनीचाच टेम्पो चालवायचा. मॅनेजर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, मुलं कितवीत आहेत ते विचारलं. मग हळूच म्हणाला, "एकाच घरातले दोघं एकाच दिवशी घरी बसले की फार ओढाताण होते हो. मी बघितलंय." नवऱ्याचा पेला हातातच राहिला.

घरी नणंद तिच्याशी बोलत नव्हती. बोलायचंच झालं तर भिंतीशी बोलायची. "मीठ संपलंय," असं भिंतीला सांगायची. भिंत कुठली मीठ आणते, वहिनीच आणायची. एकदा वहिनी काकुळतीला येऊन म्हणाली, "अगं, माझी मुलं आहेत गं." नणंद भिंतीला म्हणाली, "मला हात होता."

पाहणीच्या दिवशी कारखाना ओळखू येईना. जमिनीवर पिवळे पट्टे मारले होते, रंगाचा वास अजून जात नव्हता. पंखे पुसले होते. 'हात जपा' अशी नवीकोरी पाटी टांगली होती. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, पण हसायची हिंमत कुणाला नव्हती.

न्यायाधीशबाई बुटक्या होत्या, आवाज बारीक होता. बरोबर लिहून घेणारा कारकून. पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे नणंद आपल्या वकिलाशेजारी उभी होती, डावा हात काखेत दाबून. दाराशी वहिनीचा नवरा टेम्पोची किल्ली बोटात घट्ट धरून उभा होता. वहिनीनं कुणाकडेच बघितलं नाही.

"घाबरू नका," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "रोज करता तसं करून दाखवा."

कंपनीच्या वकिलानं तिच्याकडून तालीम करून घेतली होती. तुकडा ठेवायचा, हात बाहेर काढायचा, दोन्ही हात बटणांवर. मनातल्या मनात घोकत तिनं पहिला तुकडा ठेवला. दोन्ही हात बटणांवर. धाडकन धूड आलं, पातं तयार. पुन्हा ठेवला, पुन्हा दोन्ही हात. तिसरा, चौथा. सगळं नीट चाललं होतं. कंपनीच्या वकिलाचा जीव भांड्यात पडलेला तिला न बघताही कळला.

"रोज एवढंच हळू चालतं?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"आमच्याकडे आधी कामगारांचा जीव, मॅडम," वकील म्हणाले. "माल नंतर."

सुपरवायझर खांबापाशी उभा होता. तोही माणूसच, त्याचीही गाळण उडालेली. हातात चाव्यांचा जुडगा. काम रेंगाळलं की तो त्या खांबावर चाव्या वाजवायचा, वर्षानुवर्षं, दिवसातून हजारदा. आत्ता वाजवायचं नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि त्या मेल्यानं वाजवल्या. टक, टक, टक.

वहिनीच्या डोक्यानं काही ऐकलं नाही. हातांनी ऐकलं.

हात पळायला लागले. डाव्यानं तुकडा ठेवला, उजव्यानं बटण मारलं, आणि पातं काढायला डावा सरळ साच्यात गेला. पण धूड खाली आलंच नव्हतं. तुकडा होता तसाच होता. तिला काही उमजेना. डावा हात साच्यात, वर ते धूड, आणि उजवा हात आपला बटण मारतोय, पुन्हा मारतोय, काम का होत नाही म्हणून.

"वहिनी! हात!"

अशी किंकाळी त्या कारखान्यात एकदाच ऐकू आली होती. नणंद पिवळा पट्टा ओलांडून धावली आणि तिनं वहिनीचं मनगट धरून बाहेर ओढलं. धरलं तेही डाव्या हातानं, अंगठ्यानं आणि उरलेल्या तळव्यानं.

कुणीतरी मशीन बंद केली. धाग्यासारखा बारीक आवाज करत ती थांबली.

"तुमचा डावा हात बटणावर का गेला नाही?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"घाबरली हो बिचारी," कंपनीचे वकील मध्येच म्हणाले. "माणूस आहे, चुकलं."

"मी त्यांना विचारतेय."

वहिनीनं मान वर केली. मॅनेजर केबिनमध्ये होता तसाच शांत उभा होता, जणू पुन्हा पाणी विचारणार. नवऱ्यानं खाली बघितलं. एक शब्द पुरे होता: चुकलं. तो ओठावर आलाही होता. वकिलांनी वाट मोकळीच करून दिली होती, तिनं नुसतं चालायचं होतं. मुलांचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढं आले. धीरबीर काही आला नव्हता तिला, उगाच कशाला खोटं सांगा. उलट भीतीनं तिचे दात वाजत होते.

पण मनगटावरचा तो हात तिच्याहून जास्त थरथरत होता. तिनं बघितलं, तर नणंदेचे डोळे अजून त्या साच्यातच होते. जिचा दावा वहिनी बुडवायला निघाली होती, ती पोर वहिनीचा हात गेला नाही ना, हेच अजून बघत होती.

"चुकलं नाही, मॅडम," वहिनी म्हणाली. "सवयीनं गेला हात. डाव्या बटणाला हात लावायची सवयच नाही आम्हाला. कुणालाच नाही. तिथं पाचर असायची."

"कुणी ठोकलेली?"

तिनं नाव घेतलं नाही, तेवढं बळच उरलं नव्हतं. नुसतं खांबाकडे बोट दाखवलं. चाव्यांचा जुडगा खाली पडला. मागं बायकांच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला, आणि दुसरी कुणी म्हणाली, "खरंय, मॅडम."

कारकून भराभरा लिहीत होता. न्यायाधीशबाई प्रेसच्या अगदी जवळ आल्या. "हेच उद्या कोर्टात शपथेवर सांगाल? तिथं तुम्हाला एकटीनं उभं राहावं लागेल."

वहिनीनं मॅनेजरकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. नवऱ्याची मान अजून खालीच होती.

"सांगीन," ती म्हणाली. "पण हिला माझ्याजवळ उभी राहू द्या, मॅडम. मला फार भीती वाटतेय."